ए-बी-सी क्लास स्लायसर बदलला तरी हलत नाही, आणि तो हलावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इलेक्ट्रिकल सामानाचं होलसेल दुकान, ११४० आयटम, टॅलीतून डेटा काढून पॉवर बीआयमध्ये (रिपोर्ट बनवायचं टूल) आणलाय. विक्रीत कोणाचा किती वाटा यावरून आयटमना ए, बी, सी द्यायचंय. कॅल्क्युलेटेड कॉलम (टेबलात फॉर्म्युल्यानं भरलेला कॉलम) केला, अक्षरं आली, पण वरच्या स्लायसरमध्ये (रिपोर्टवरचं निवडायचं बटण) वर्ष बदललं की विक्री बदलते नि अक्षर तेच राहतं. मित्र म्हणाला मेजर (निवडीप्रमाणे त्या त्या वेळी निघणारा हिशोब) कर, तर मेजर स्लायसरमध्ये टाकताच येत नाही. आणि वर ए, बी, सी तिन्हीची बेरीज एकूण विक्रीपेक्षा १ लाख ८० हजारांनी कमी येतेय.

सांगते. पहिल्या दोन गोष्टीत तुमचं चुकत काहीच नाहीये, टूल तसंच वागतं. तिसरी खरी चूक आहे, ती शेवटी बघू कारण ती फॉर्म्युल्यात नाहीये.

पण फॉर्म्युल्याला हात लावायच्या आधी एक विचारते, हे अक्षर वापरणार कोण? गोडाऊनमधला माणूस रॅकवर स्टिकर लावणार असेल तर अक्षर हलता कामा नये, तुम्ही इकडे लॅपटॉपवर वर्ष बदललं म्हणून तिकडे रॅकवरचा स्टिकर बदलत नाही. आणि तुम्ही स्वतः बसून "मागच्या वर्षी कोण वर होतं, यंदा कोण आलंय, मिरज रोडच्या शाखेत चित्र वेगळं आहे का" असं बघणार असाल तर अक्षर हललंच पाहिजे. बहुतेक लोकांना दोन्ही हवं असतं आणि ते एकाच कॉलमात बसवायला जातात, मग आठवडाभर डोकं धरून बसतात. मी पण बसलेय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही करा, नावं वेगळी द्या, म्हणजे "ठरलेला क्लास" आणि "आत्ताचा क्लास" असं काहीतरी.

आता आधी हिशोब हातानं करून बघू, कारण तो डोक्यात बसला की फॉर्म्युला आपोआप सुचतो. ११४० सोडा, दहाच आयटम घ्या, विक्री मुद्दाम १० लाख धरते म्हणजे टक्के तोंडी निघतील. आकडे समजावण्यापुरते आहेत.

१.५ एमएमची वायर ३,४०,०००
सीलिंग फॅन २,१०,०००
२.५ एमएमची वायर १,४०,०००
९ वॅट एलईडी बल्ब ९५,०००
मॉड्युलर स्विच ७०,०००
एमसीबी ५०,०००
पीव्हीसी पाइप ४०,०००
गीझर ३०,०००
बल्ब होल्डर १५,०००
इन्सुलेशन टेप १०,०००

शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावायचे आठवतंय का, तसंच आहे हे, फक्त इथं सगळ्यात उंच पुढे. प्रत्येक आयटमनं एवढंच विचारायचं की माझ्या पुढे जे उभे आहेत त्यांनी मिळून किती विक्री खाल्ली. पुढच्यांची बेरीज ८० टक्क्यांच्या आत असेल तर मी ए, ८० ते ९५ असेल तर बी, ९५ च्या पुढे सी. एलईडीच्या पुढे ६९ टक्के आहेत, तो ए. स्विचच्या पुढे ७८.५, म्हणजे तोही ए. एमसीबीच्या पुढे ८५.५ झाले, बी. गीझरच्या पुढे ९४.५, म्हणून तो काठावर का होईना बी. होल्डर नि टेप सी.

इथं एक बारीक गोष्ट आहे जी बरेच जण उलटी करतात. बऱ्याच ठिकाणी शिकवतात ते असं की स्वतःला धरून बेरीज करा आणि ती ८० च्या आत असेल तर ए. तसं केलं तर स्विच ८५.५ वर जातो नि बी होतो, गीझर ९७.५ ला जाऊन सी होतो, ठीक आहे, एकदोन आयटम इकडचे तिकडे, कोणी मरत नाही. पण समजा तुमच्या एखाद्या कॅटेगरीत एकच आयटम ८२ टक्के विक्री करतोय. स्वतःला धरून मोजलं तर तो पहिल्याच फटक्यात ८० च्या बाहेर, म्हणजे सगळ्यात जास्त विकणारा माल बी आणि ए मध्ये कोणीच नाही! हे मी मालकासमोर स्क्रीनवर दाखवलंय एकदा, तो माझ्याकडे बघत होता नि मी स्क्रीनकडे. तेव्हापासून फक्त पुढच्यांची बेरीज, स्वतःला सोडून. अजून एक फायदा म्हणजे दोन आयटमची विक्री अगदी सारखी असेल तर दोघांच्या पुढची बेरीज सारखीच येते, त्यामुळे क्लास पण एकच मिळतो, भांडण नाही.

आता कॉलमवाला, म्हणजे "ठरलेला क्लास". फंक्शनची नावं मी इथं मराठीत लिहितेय, तुम्ही टूलमध्ये नेहमीसारखी इंग्रजीतच टाइप करणार. प्रॉडक्टच्या मास्टर टेबलमध्ये, म्हणजे जिथं प्रत्येक आयटमची एकच ओळ असते तिथं (विक्रीच्या टेबलमध्ये नाही, हे महत्त्वाचं) चार कॉलम करा. एकात सगळं कोंबता येतं, पण चुकलं तर कुठं चुकलं ते दिसत नाही. पहिला कॉलम आयटमची विक्री. इथं नुसतं सम लिहून विक्रीची रक्कम दिली तर प्रत्येक ओळीत एकच आकडा येईल, अख्ख्या दुकानाची विक्री, ११४० वेळा तोच. कारण कॉलम ओळीवर उभा असतो पण त्या ओळीचं फिल्टर आपोआप लागत नाही, ते लावायला कॅल्क्युलेट लागतं. म्हणून कॅल्क्युलेटच्या कंसात सम, किंवा तुमचं टोटल सेल्सचं मेजर तयार असेल तर नुसतं तेच, मेजरला कॅल्क्युलेट आतून चिकटलेलंच असतं.

दुसरा कॉलम पुढच्यांची बेरीज. आधी व्हेरिएबलमध्ये या ओळीची विक्री धरून ठेवायची, मग समएक्स, त्याच्या आत फिल्टर, अख्खं प्रॉडक्ट टेबल, अट अशी की आयटमची विक्री धरून ठेवलेल्या आकड्यापेक्षा मोठी. "मोठी किंवा सारखी" नाही, फक्त मोठी. पहिल्या नंबरच्या आयटमला रिकामं येईल, घाबरू नका, त्याच्या पुढे कोणी नाहीच, पुढच्या हिशोबात ते शून्य धरलं जातं. जुन्या उदाहरणांत व्हेरिएबलऐवजी अर्लियर नावाचं फंक्शन दिसेल, काम तेच करतं पण वाचताना डोकं फिरतं, व्हेरिएबल वापरा. तिसरा कॉलम डिव्हाइड, दुसऱ्याला एकूण विक्रीनं भागलं. चौथा स्विच ट्रू (फंक्शन बरं का, यादीतला स्विच नाही), ०.८० पेक्षा कमी तर ए, ०.९५ पेक्षा कमी तर बी, नाहीतर सी.

हे करताना कधी कधी "सर्क्युलर डिपेंडन्सी" म्हणून लाल एरर येते आणि माणूस हबकतो. ती बहुतेक वेळा तेव्हा येते जेव्हा प्रॉडक्ट टेबलला स्वतःची युनिक की, म्हणजे प्रत्येक ओळीला वेगळा असा कोड, नसते. कॅल्क्युलेट ओळीतल्या सगळ्या कॉलमांचं फिल्टर बनवतं, मग हा कॉलम त्या कॉलमवर आणि तो ह्याच्यावर अवलंबून, असं कडबोळं होतं. प्रॉडक्ट कोडवर विक्रीशी एकास-अनेक असं रिलेशन जोडलेलं असेल तर टूलला कळतं की ओळ ओळखायला कोड पुरेसा आहे, नि एरर जाते.

हा कॉलम कधी मोजला जातो? डेटा रिफ्रेश होतो तेव्हा, एकदाच. मोजून फाइलमध्ये साठवून ठेवतो. तुम्ही नंतर स्लायसर फिरवा, काहीही करा, त्याला पत्ता नाही. म्हणून तुमचं अक्षर हललं नाही. याला दोष म्हणू नका, उलट यामुळेच तो स्लायसरमध्ये टाकता येतो, चार्टच्या आडव्या रेषेवर टाकता येतो, गोडाऊनला प्रिंट काढून देता येतो. शाखेप्रमाणे लॉगिनवर बंधन घातलं असेल तरी कॉलमातला क्लास सगळ्या दुकानाचा मिळूनच असतो, शाखावाल्याला स्वतःची विक्री दिसते पण अक्षर कंपनीचं दिसतं. कुणाला ते हवंय, कुणाला नकोय, तुम्ही ठरवा.

एक मात्र करा, या कॉलमात सगळा इतिहास घेऊ नका. पाच वर्षांचा डेटा भरलाय तर २०२१ मध्ये धडाधड खपलेला नि आता बंद झालेला आयटम अजून ए म्हणून मिरवत बसेल. शेवटचे १२ पूर्ण महिने घ्या, चालू अर्धवट महिना सोडून. १२ च का तर सीझन. तुमच्याकडे फॅन मार्च ते मे, माळा नि लायटिंग दिवाळीला, पावसाळ्यात टेप आणि एमसीबी. तीन महिन्यांवर क्लास काढलात तर एप्रिलमध्ये गीझर सी आणि डिसेंबरमध्ये फॅन सी. आणि महिन्याला महिना लावून तुलना करतानाही जपून, दिवाळी सरकते. २०२३ ला श्रावण अधिक होता म्हणून दिवाळी १२ नोव्हेंबरला गेली, २०२५ ला लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या २१ लाच झालं. नुसता ऑक्टोबरला ऑक्टोबर लावला तर लायटिंगच्या माळा एका वर्षी झोपलेल्या आणि दुसऱ्या वर्षी उधळलेल्या दिसतील, धंदा तोच आहे, पंचांग बदललंय. २०२६ ला परत अधिक महिना आहे, दिवाळी परत नोव्हेंबरात. बारा महिन्यांच्या खिडकीत सुद्धा कधी दोन दिवाळ्या येतात नि कधी एकही नाही, म्हणून सप्टेंबरअखेर किंवा मार्चअखेर असा एकच दिवस ठरवून क्लास काढलेला बरा.

आता मेजरवाला, "आत्ताचा क्लास". इथं हिशोब तोच, रांग तीच, फक्त रांग प्रत्येक वेळी नव्याने लागते, स्लायसर हलवला की परत सगळे उंचीप्रमाणे उभे. मेजरमध्ये व्हेरिएबलमध्ये या आयटमची विक्री धरा, मग ॲडकॉलम्सनं सगळ्या प्रॉडक्टची यादी आणि त्यांची विक्री असं तात्पुरतं टेबल बनवा, त्यातले माझ्यापेक्षा मोठे फिल्टर करून बेरीज, भागिले एकूण. खरा प्रश्न हा आहे की "सगळ्या प्रॉडक्टची यादी" म्हणजे कुठली यादी, आणि निम्म्या चुका इथंच होतात.

ऑलसिलेक्टेड वापरलंत तर स्लायसरनं जेवढे आयटम ठेवलेत तेवढ्यांचीच रांग लागते. मग वरच्या उदाहरणात कॅटेगरी लायटिंग निवडा, म्हणजे बल्ब आणि होल्डर दोघंच उरले, एकूण १,१०,०००. बल्ब एकटाच ८६ टक्क्यांच्या वर, होल्डरच्या पुढे ८६, म्हणून होल्डर बी. मघाशी सी होता! आणि कोणी स्लायसरमध्ये नुसता होल्डर निवडला तर त्याच्या पुढे शून्य, म्हणजे होल्डर ए. एकट्याच्या वर्गात पहिला नंबर. मालकानं हे एकदा पाहिलं ना की पुढे तुमच्या कुठल्याच रिपोर्टवर त्याचा विश्वास बसत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

म्हणून मी साधारण असं करते, प्रॉडक्ट टेबलवरचे फिल्टर काढून टाकायचे, यादीसाठी ऑल, एकूण विक्रीसाठी ऑल किंवा रिमूव्हफिल्टर्स, पण तारीख नि शाखा यांचे तसेच ठेवायचे. म्हणजे वर्ष बदललं, शाखा बदलली तर क्लास बदलतो, पण कोणी कॅटेगरी निवडली म्हणून बदलत नाही. कॅटेगरीच्या आतला क्रम मुद्दाम हवा असेल तर त्याचं वेगळं मेजर, नावात "कॅटेगरीतला" असं स्पष्ट लिहून.

आणि स्लायसरचं काय? मेजर हा उत्तर असतो, तो आधीपासून यादी म्हणून कुठे साठवलेला नसतो, म्हणून स्लायसर त्याला घेत नाही. मार्ग असा की एंटर डेटा वापरून तीन ओळींचं छोटं टेबल हातानं बनवा, क्लास, पासून, पर्यंत. ए ला ० ते ०.८०, बी ला ०.८० ते ०.९५, सी ला ०.९५ ते १. या टेबलचं कोणाशीही रिलेशन जोडू नका, ते सुटंच राहू द्या. स्लायसरमध्ये हे टेबल टाका आणि "क्लासची विक्री" म्हणून मेजर लिहा जे प्रत्येक आयटमची पुढच्यांची टक्केवारी काढतं आणि ती निवडलेल्या क्लासच्या पासून-पर्यंतमध्ये बसत असेल तरच विक्री देतं, नाहीतर रिकामं. ज्या आयटमचं रिकामं आलं ती ओळ टेबलमधून आपोआप गायब होते. हेच मेजर तीन क्लासच्या कॉलम चार्टवर पण चालतं. आणखी एक फायदा, उद्या मालक म्हणाला ८० नको ७० कर, तर फॉर्म्युल्याला हात न लावता त्या छोट्या टेबलात आकडा बदलला की झालं.

वेगाबद्दल दोन शब्द. प्रत्येक आयटमनं सगळ्यांशी स्वतःची तुलना करायची म्हणजे ११४० गुणिले ११४०, साधारण १३ लाख तुलना, टूलला जाणवणार पण नाही. २० हजार आयटम असते तर ४० कोटी झाल्या असत्या, मग स्लायसर दाबून चहा पिऊन यावं लागतं. तेवढा माल असेल तर विंडो फंक्शन बघा, ते डिसेंबर २०२२ मध्ये आलंय, क्रम लावून तिथपर्यंतची बेरीज करायलाच बनवलेलं आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत व्हिज्युअल कॅल्क्युलेशन पण आलं, त्यात रनिंग सम एका ओळीत होते, पण तो हिशोब त्या एका चित्रापुरता, दुसऱ्या चार्टला तो देता येत नाही. पटकन बघायला छान आहे, क्लास वाटायला नाही.

हे ८० आणि ९५ आले कुठून असं पण लोक विचारतात. नाव पॅरेटो या इटालियन अर्थतज्ज्ञाचं लागलंय, थोड्या लोकांकडे बरीचशी संपत्ती असते या त्यांच्या निरीक्षणावरून, पण कारखान्यात नि गुणवत्तेच्या कामात हे तत्त्व आणून त्याला पॅरेटोचं नाव चिकटवलं जोसेफ जुरान यांनी, आणि त्यांनीच १९७५ मध्ये कबूल केलं की पॅरेटोला मी जरा जास्तच श्रेय दिलं. मालसाठ्यासाठी ए-बी-सी अशी अक्षरं घेऊन १९५१ मध्ये लिहिलं ते जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी. सांगायचं कारण एवढंच की ८०-९५ हा काही निसर्गनियम नाही. तुमचा पुढच्यांच्या बेरजेचा चार्ट काढा, रेघ जिथं वाकते तिथं हद्द ठेवा. गोडाऊनमध्ये रोज मोजणी करायला एकच माणूस असेल तर त्याला जेवढे आयटम मोजता येतात तेवढेच ए, हा हिशोब सुद्धा मला पटतो.

आता थोडं कडू. विक्रीवर क्लास काढणं सोपं आहे पण विक्री म्हणजे नफा नव्हे. वरच्याच यादीत वायरला ४ टक्के मार्जिन धरा, फॅनला ८, बल्बला १२, स्विचला २२, एमसीबीला १८. विक्रीत पहिली असलेली १.५ ची वायर नफ्यात १३,६०० वर थांबते, फॅन १६,८०० देतो आणि पाचव्या नंबरचा स्विच १५,४०० देऊन दुसरा येतो. २.५ ची वायर तिसऱ्यावरून सहावी, ५,६०० वर, एमसीबीच्या पण खाली. सगळ्यात जास्त उलाढाल कुठं होतेय ते विक्रीचा क्लास दाखवतो, पोट कोण भरतंय ते नफ्याचा. मेजर एकदा लिहिलं की विक्रीच्या जागी मार्जिनचं मेजर टाकून दुसरा क्लास पाच मिनिटांत होतो, दोन्ही शेजारी ठेवा. विक्रीत ए नि नफ्यात सी असे जे सापडतील त्यांच्या कंपनीच्या डीलरशी भाव बोलायला बसायचं.

आणि सी म्हणजे काढून टाकायचा माल, असं कृपया करू नका. सांगलीकडच्या एका होलसेलरकडे काही वर्षांपूर्वी मी हे सगळं बसवून दिलं होतं, तेव्हा नवीन होते, रंगीत चार्ट वगैरे. मालकांनी सी ची यादी प्रिंट काढली आणि "हे एवढं कशाला ठेवायचं" म्हणून टेप, क्लिप, स्क्रू, होल्डर यांची खरेदीच बंद केली. मी पण मान डोलावली, हे कबूल करते. दोनेक महिन्यांनी फोन आला, मॅडम वायर का कमी झाली ते तुमच्या त्या रिपोर्टमध्ये बघून सांगा. रिपोर्टमध्ये काय दिसणार, वायर कमी झालीय एवढंच दिसत होतं. मी दुकानात गेले, काउंटरला उभी राहिले. वायरमन येतो, खिशातून घडी घातलेली यादी काढतो, कुठल्या तरी सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेली, चार कॉइल, दोन डझन स्विच, सहा टेप, क्लिपची दोन पाकिटं. टेप नाही म्हटल्यावर तो यादी परत घडी घालून खिशात ठेवतो. टेपसाठी वेगळ्या दुकानात कोण जाईल, तो अख्खी यादीच शेजारी घेऊन जातो. दहा रुपयांच्या टेपनं वायरच्या कॉइल ओढून नेल्या.

तेव्हापासून सी ची यादी देताना मी एक कॉलम जास्त देते, हा आयटम ज्या बिलांत होता त्या बिलांची एकूण रक्कम. अवघड नाही, त्या आयटमचे बिल नंबर काढायचे आणि त्या बिल नंबरांची सगळी विक्री मोजायची, प्रॉडक्टचं फिल्टर काढून. ज्या सी चा हा आकडा मोठा, त्याला "सी पण हलवू नका" असा शेरा. दवाखान्यांच्या औषधसाठ्यात हेच वेगळ्या वाटेनं करतात, ए-बी-सी सोबत व्ही-ई-डी (व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल) लावतात, म्हणजे जीव वाचवायला लागणारं औषध स्वस्त असलं म्हणून खालच्या यादीत जात नाही.

बाकी बारीकसारीक. विक्रीची रक्कम जीएसटी वगळून घ्या, टॅक्सेबल व्हॅल्यू. बिलाची एकूण रक्कम घेतली तर वेगवेगळ्या दराचे आयटम एका मापात येत नाहीत, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, एसी २८ वरून १८ वर आला, जीएसटीसकट मोजलंत तर एसीची विक्री त्या तारखेनंतर उगाच घसरलेली दिसेल. परतावा, म्हणजे क्रेडिट नोट, विक्रीतून वजा झालेला असू द्या, पण ज्याची बेरीजच शून्य किंवा उणे आहे तो आयटम क्लासमध्ये घेऊ नका, त्याला "विक्री नाही" असं चौथं लेबल द्या, नाहीतर टक्केवारी १०० च्या वर जाऊन परत खाली येते आणि मृत माल सी मध्ये लपून बसतो. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या नव्या आयटमला १२ महिन्यांच्या मापानं मोजू नका, त्याला "नवीन" लेबल, सहा महिने होईपर्यंत. आणि काठावरचा गीझर एका वेळी बी, दुसऱ्या वेळी सी, तिसऱ्या वेळी परत बी असं नाचला तर स्टिकर लावणारा वैतागतो, म्हणून स्टिकर तेव्हाच बदला जेव्हा सलग दोन वेळा नवा क्लास येईल. यासाठी दर वेळचा क्लास तारखेसकट एका वेगळ्या टेबलात साठवत जा, कॉलम स्वतः मागचं काही लक्षात ठेवत नाही, रिफ्रेश झाला की जुनं पुसलं.

ताळा करायचा असेल तर एक्सेलच्या पिव्होटमध्ये आयटम नि विक्री घ्या, विक्रीवर मोठ्याकडून लहानाकडे सॉर्ट करा, शो व्हॅल्यूज ॲज मध्ये परसेंट रनिंग टोटल इन निवडा. लक्षात ठेवा, ते स्वतःला धरून मोजतं, म्हणून तुमचा आकडा त्याच्या वरच्या ओळीशी जुळला पाहिजे.

राहिले तुमचे १ लाख ८० हजार. विक्रीच्या टेबलात असे आयटम कोड किंवा नावं आहेत जी प्रॉडक्ट मास्टरमध्ये नाहीतच. पॉवर बीआय त्यांना एका अदृश्य रिकाम्या ओळीत गोळा करतं, एकूण विक्रीत ते मोजले जातात, पण क्लासचा कॉलम मास्टरच्या खऱ्या ओळींनाच मिळतो, म्हणून ते ए मध्ये नाहीत, बी मध्ये नाहीत, सी मध्ये पण नाहीत. मास्टरमधलं आयटमचं नाव नि विक्री असं साधं टेबल टाका, बहुतेक सगळ्यात खाली किंवा वर बिननावाची एक ओळ दिसेल आणि तिच्यासमोर तुमचा हा आकडा. मग पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयमध्ये डेटा साफ करायची जागा) विक्रीला मास्टर मर्ज करा, लेफ्ट अँटी जॉइन, म्हणजे जुळत नाहीत तेवढ्याच ओळी उरतील. बहुतेक वेळा यात निघतं असं की कोणीतरी टॅलीत वर्षाच्या मध्ये नाव बदललंय, "एलईडी ९ वॅट" चं "९ व. एलईडी बल्ब" केलंय आणि तुम्ही मास्टर एप्रिलमध्ये एकदा काढून ठेवलाय तोच वापरताय. किंवा नावाच्या सुरुवातीला एक जास्तीची स्पेस. ते जुळवलं की बेरीज जुळेल, आणि एकदोन आयटमचे क्लासही वर सरकतील कारण त्यांची विक्री आत्तापर्यंत दोन नावांत वाटली गेली होती. पेटी आणि नग असे दोन वेगळे आयटम करून ठेवलेत का ते पण त्याच वेळी बघून घ्या, बल्बमध्ये हमखास असतं.